कोंबडीबाजारांतील सांथ

इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या वंशावळी असतात, लढायांच्या तारखा असतात, तहांचीं कलमें असतात. कोंबडीस मात्र त्यांत स्थान नसतें. मी ज्या शाळांतून इतिहास शिकविला तेथील क्रमिक पुस्तकांत घोडे होते, हत्ती होते, पेशवाईच्या अखेरीस बैलहि होते; परंतु खुराड्यांतल्या या गरीब पक्ष्याविषयीं एक ओळहि नव्हती. तरी ज्या एका शहरानें चार दिवसांच्या आंत आपल्या हद्दींतील जवळजवळ एकूण एक कोंबडी मारली, आणि त्यानंतर जेथें माणसांतील एक प्राणघातक ताप एकदम थांबला, त्या शहराची हकीकत इतिहासांत जमा होण्यास योग्य आहे असें मला वाटतें. तें शहर हाँगकाँग, आणि तें साल १९९७. आपल्या इकडे नवापूर येथें २००६ सालीं जें घडलें त्याचा धागाहि तेथूनच निघतो, म्हणून आज ही हकीकत जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

दुखणें मूळचें नवें नाहीं. १८७८ सालीं इटलींतील तुरिन येथें पेरोन्चितो नांवाच्या विद्वानानें कोंबड्यांच्या एका भयंकर सांथीचें वर्णन लिहून ठेविलें. सकाळीं दाणे टिपणारा पक्षी सायंकाळपर्यंत मान टाकी, तुरा काळानिळा पडे, आणि एकाच्या मागोमाग सारें खुराडें ओस होई. युरोपांत या रोगास कोंबड्यांचा प्लेग असें नांव पडलें. १९०१ सालीं त्याच देशांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, ज्या बारीक गाळणींतून साधे जंतु पार होत नाहींत तिच्यांतूनहि या रोगाचें बीज निसटून जातें. म्हणजे तो विषाणु होता. परंतु त्याचें कुळ समजण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. १९३३ सालीं इंग्लंडांत माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणु हातीं आला, आणि १९५५ सालीं शेफर नांवाच्या जर्मन संशोधकानें सिद्ध केलें कीं, कोंबड्यांचा प्लेग म्हणून जो रोग ओळखला जातो त्याचा विषाणु आणि माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणु हे दोघे एकाच घराण्यांतले आहेत.

हें घराणें मोठें आहे आणि त्याचें माहेर पाणथळ जागीं आहे. रानबदकें आणि तत्सम जलपक्षी यांच्या आंतड्यांत हे विषाणु पिढ्यान्‌पिढ्या सुखानें नांदत आले आहेत. बहुधा ते आपल्या यजमानास फारसा उपद्रव देत नाहींत. विष्ठेबरोबर पाण्यांत पडतात आणि दुसऱ्या बदकाच्या पोटांत जातात. विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे कांटे असतात. एका प्रकारच्या कांट्यानें तो पेशीचें दार उघडतो आणि दुसऱ्यानें काम संपल्यावर बाहेर पडतो. शास्त्रज्ञांनीं पहिल्यास एच आणि दुसऱ्यास एन अशीं अक्षरें दिलीं असून प्रत्येकाचे प्रकार अंकांनीं मोजतात. पक्ष्यांत एचचे सोळा आणि एनचे नऊ प्रकार सांपडले आहेत. माणसांत मात्र ज्या मोठ्या सांथी येऊन गेल्या त्या सर्व एच१, एच२ आणि एच३ या तीन प्रकारांच्याच होत्या. १९१८ सालीं मुंबईस आणि मग साऱ्या हिंदुस्थानांत जो ताप आला व ज्यानें एक कोटीहून अधिक माणसें या देशांतून नेलीं, तो पहिल्या प्रकारचा होता. १९५७ आणि १९६८ सालच्या सांथींच्या विषाणूंत तर कांहीं अंश प्रत्यक्ष पक्ष्यांकडून उसना आलेला होता, असें पुढें उघडकीस आलें. तरीसुद्धां विद्वानांचा समज असा होता कीं, पक्ष्याचा निव्वळ विषाणु, कसलीहि भेसळ न होतां, सरळ माणसाच्या छातींत शिरून त्यास मारूं शकत नाहीं. मध्यें डुकरासारखा एखादा दलाल लागतो.

हाँगकाँगचा भूगोल येथें थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. चीनच्या दक्षिण किनाऱ्यास लागून असलेलें हें बंदर दीडशें वर्षें ब्रिटिशांच्या हातीं होतें आणि १ जुलै १९९७ रोजीं तें चीनच्या स्वाधीन झालें. वस्ती दाट, घरें उभीं, जमीन थोडी. तेथील गृहिणीस कोंबडी ताजी हवी, आणि ताजी म्हणजे डोळ्यांदेखत मारलेली. शहरभर कोंबडीविक्यांचे एक हजारांवर गाळे होते. त्यांत पिंजऱ्यावर पिंजरा रचलेला, वर कोंबड्या, खालीं बदकें, शेजारीं हंस आणि लावे. बहुतेक माल मुख्य भूमीवरील ग्वांगडुंग प्रांतांतून रोज पहाटे गाड्यांतून येई. गिऱ्हाईकानें पिसें फुंकून, छाती चांचपून पक्षी निवडावा आणि विकणाऱ्यानें तो तेथेंच कापून द्यावा, अशी चाल. आपल्या शहरांतील मटणबाजाराच्या मागच्या गल्लींत ज्यांनीं पाऊल टाकलें असेल त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं.

हाँगकाँगच्या विद्यापीठांत केनेडी शॉर्टरिज नांवाचे मूळचे ऑस्ट्रेलियांतील प्राध्यापक होते. ते १९७० नंतरच्या दशकापासून या बाजारांतील बदकांची विष्ठा तपासून विषाणूंची टांचणें करीत बसले होते. दक्षिण चीनमध्यें माणूस, बदक आणि डुक्कर एका अंगणांत राहतात, तेव्हां पुढची इन्फ्लुएन्झाची सांथ येथूनच उठण्याचा संभव आहे, असें त्यांनीं १९८२ सालींच लिहिलें होतें. अशा कामाला टाळ्या पडत नाहींत. पण वीस वर्षें कोणी तरी तें चिकाटीनें केलें होतें म्हणूनच वेळ आली तेव्हां बाजारांत काय पाहावें हें त्या शहरास ठाऊक होतें.

१९९६ सालीं ग्वांगडुंगमध्यें हंसांत एक घातक विषाणु आढळला. त्याचा प्रकार एच५एन१. १९९७ च्या वसंत ऋतूंत हाँगकाँगच्या ग्रामीण भागांतील तीन कोंबडीपालन केंद्रांत हजारों कोंबड्या पटापट मेल्या. पशुवैद्यांनीं रोग ओळखला, आणि तो प्रसंग तेवढ्यावरच मिटला असें सर्वांस वाटलें. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत तीन वर्षांच्या एका मुलास ताप आणि खोकला झाला. साधा पडसें-खोकला म्हणून सुरू झालेलें तें दुखणें फुप्फुसांत उतरलें, इतर इंद्रियें निकामी होत गेलीं आणि २१ मे रोजीं रुग्णालयांत तें मूल दगावलें. त्याच्या घशांतून घेतलेल्या नमुन्यांत इन्फ्लुएन्झाचा विषाणु मिळाला, परंतु नेहमींच्या कोणत्याच कसोटीस तो जुळेना. एच१ नव्हे, एच३ नव्हे. मग नमुने परदेशीं धाडले गेले, अमेरिकेंत अटलांटा येथें, इंग्लंडांत आणि हॉलंडांत. ऑगस्टमध्यें उत्तर आलें कीं, हा एच५एन१ आहे, म्हणजे कोंबड्यांचा विषाणु आहे.

पहिली शंका अशी आली कीं, नमुना हाताळतांना प्रयोगशाळेंतच कांहीं भेसळ झाली असावी. ही शंका योग्यच होती. शास्त्रज्ञानें आधीं स्वतःच्या हातांवर संशय घ्यावा. हॉलंडहून एक शास्त्रज्ञ मुद्दाम हाँगकाँगला येऊन प्रयोगशाळा पाहून गेले. अटलांटाहून केजी फुकुदा यांच्यासारखे तज्ज्ञ आले. प्रयोगशाळा निर्दोष ठरली. ज्या बालवर्गांत तें मूल जात असे तेथें मुलांच्या करमणुकीसाठीं कोंबडीचीं कांहीं पिल्लें ठेवलीं होतीं व त्यांतलीं कांहीं मेलीं होतीं, असें चौकशींत आढळलें. तथापि नवा रोगी मिळेना. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, आणि एका मुलाची ती दुर्दैवी पण एकाकी घटना होती असें मानण्याकडे लोकांचा कल झाला.

नोव्हेंबरांत हवा थंड झाली आणि तापाचे रोगी येऊं लागले. प्रथम एक, मग दोन, डिसेंबरांत तर जवळजवळ रोज नवें नांव. लहान मुलें होतीं, तरुण होते, साठीचे गृहस्थ होते. वर्षाअखेरपर्यंत आंकडा अठरांवर गेला आणि त्यांपैकीं सहा जण मरण पावले. तिघांत एक. १९१८ च्या तापांत शंभरांत दोन-तीन दगावत असें सामान्यतः मानतात, आणि तरी त्यानें जगाचे हाल केले. येथें तिघांत एक हें प्रमाण पाहून जाणत्यांच्या उरांत धडकी भरली तर नवल नाहीं. एकच प्रश्न होता. हा ताप माणसाकडून माणसाकडे जातो कीं नाहीं? जात असेल तर कोंबड्या मारून कांहीं लाभ नाहीं. विमानतळावरून तो केव्हांच जगभर गेलेला असणार. जात नसेल तर मात्र झऱ्याचें तोंड बंद करण्यास अद्यापि अवकाश होता.

उत्तर मिळविण्याची रीत फार साधी होती, आणि मला तीच या सर्व प्रकरणांतील सर्वांत मोलाची वाटते. रोग्यांच्या घरीं जाऊन, आजारापूर्वींच्या आठवड्यांत त्यांनीं काय केलें, कोठें गेले, काय खाल्लें, हें विचारलें. तसेच त्यांच्याच वयाच्या, त्याच वस्तींतील निरोगी माणसांनाहि तेंच विचारलें. जिवंत कोंबड्यांच्या गाळ्यावर जाणें हें रोग्यांत ठळकपणें अधिक आढळलें. कोंबडी खाणें न खाणें यानें फरक पडत नव्हता. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या थोड्या जणांच्या रक्तांत विषाणूच्या संसर्गाची खूण सांपडली, पण त्यांच्यापासून सांखळी पुढें चालली नाहीं. इकडे शॉर्टरिज यांनीं बाजारांतील पक्षी तपासले तेव्हां पांच कोंबड्यांत जवळजवळ एक विषाणु बाळगणारी निघाली. म्हणजे आजार घरांत नव्हता, स्वयंपाकांत नव्हता; गाळ्यावर, पिसांत, विष्ठेंत आणि कापतांना उडणाऱ्या शिंतोड्यांत होता. आपल्या वाडवडिलांच्या काळीं घरांत उंदीर पडला कीं बिऱ्हाड हलवीत, तो प्लेगचा अनुभव येथें आठवतो. माणसाच्या आधीं मुका प्राणी मरतो, आणि त्याच्या मरणाकडे वेळीं कोणी लक्ष दिलें तर पुढचें बरेंच कांहीं टळतें.

त्या वेळीं हाँगकाँगच्या आरोग्यखात्याच्या प्रमुख मार्गारेट चॅन या होत्या; पुढें त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या. आरंभीं लोकांचा धीर सुटूं नये म्हणून आपण स्वतः रोज कोंबडी खातों असें त्यांनीं सांगितलें, आणि त्याबद्दल वृत्तपत्रांनीं त्यांस बरेंच टोचलें. वस्तुतः शिजलेल्या कोंबडीनें रोग होत नाहीं हें त्यांचें म्हणणें खरें होतें. परंतु भ्यालेल्या माणसास अर्धें सत्य थट्टेसारखें वाटतें. डिसेंबरच्या अखेरीस मुख्य भूमीवरून येणाऱ्या कोंबड्या बंद केल्या, आणि २८ तारखेस सरकारनें जाहीर केलें कीं, शहरांतील व ग्रामीण भागांतील सर्व कोंबड्या मारण्यांत येतील. दुसऱ्या दिवशीं काम सुरू झालें. सुमारें १६० कोंबडीपालन केंद्रें, हजारावर गाळे आणि सुमारें तेरा ते पंधरा लक्ष पक्षी.

हें काम मोठ्या शिस्तीनें झालें असें कोणी समजूं नये. शेतकीखात्याचे कारकून आणि निरीक्षक, ज्यांनीं जन्मांत कोंबडी कापली नव्हती, त्यांच्या हातीं वायूचीं नळकांडीं आणि सुऱ्या दिल्या गेल्या. कोठें वायु पुरला नाहीं, कोठें पिशव्या पुरल्या नाहींत. अर्धमेल्या कोंबड्या पिशव्यांतून बाहेर निघाल्या. उचलून नेण्यास उशीर झाला तेथें कुत्र्यांनीं पिशव्या फाडल्या. कोंबडीविक्ये, ज्यांचा वर्षाचा मुख्य हंगाम चिनी नववर्ष, तो जानेवारीअखेरीस दाराशीं असतांना, रिकाम्या पिंजऱ्यांपुढें बसून राहिले. सरकारनें पक्ष्यामागें नुकसानभरपाई दिली. धंदा बुडाला त्याची किंमत कोण कशी करणार? मागाहून रक्त तपासतां मारण्याच्या कामावरील सरकारी नोकरांत शेंकडा ३ आणि कोंबडीच्या धंद्यांतील लोकांत शेंकडा १० जणांच्या अंगीं या विषाणूशीं गांठ पडल्याची खूण मिळाली. म्हणजे ज्यांच्या हातांनीं शहर वांचलें त्यांनीं स्वतः कांहीं धोका पत्करलाच होता, आणि बहुतेकांना त्याची जाणीवहि नव्हती.

परिणाम मात्र कोणाच्याहि डोळ्यांत भरेल असा झाला. २८ डिसेंबर १९९७ नंतर त्या सांथींतला एकहि नवा रोगी हाँगकाँगांत उत्पन्न झाला नाहीं. फेब्रुवारी १९९८ मध्यें मुख्य भूमीवरून कोंबड्यांची आयात पुन्हां सुरू झाली, पण आतां हद्दीवर तपासणी होऊं लागली. बदकें आणि हंस बाजारांतून निराळे काढून त्यांची कत्तल वेगळ्या जागीं होऊं लागली. कित्येक टीकाकार म्हणाले कीं, रोग माणसांत पसरत नव्हता तर इतका संहार कशाला? कित्येक म्हणाले कीं, जगावरचें महासंकट त्या तीन-चार दिवसांत टळलें. मला यांतील दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. माणसांत पसरण्याची कला विषाणूला येण्यासाठीं जी संधि लागते ती म्हणजे त्याचा माणसाशीं वारंवार होणारा संबंध, आणि ती संधि त्या दिवशीं तुटली. न घडलेल्या सांथीचा पुरावा देतां येत नाहीं, हें अशा निर्णयांचें नशीबच आहे. आणि पूर्ण पुरावा हातीं येईपर्यंत थांबणारा अधिकारी चौकशीसमितीपुढें निर्दोष ठरतो खरा, पण रोगी वाढत जातात.

मात्र विषाणु मेला नव्हता. तो मुख्य भूमीवरच्या हंसांत व बदकांत राहिला, आणि २००१ व २००२ सालीं हाँगकाँगच्या बाजारांत पुन्हां डोकावला. येथून पुढें जें झालें तें संहाराहून मला अधिक शहाणपणाचें वाटतें. शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें कीं, पक्षी पाळले जातात त्या ठिकाणाहून बाजार अधिक धोक्याचा, कारण बाजार कधीं रिकामा होत नाहीं. काल न विकलेली कोंबडी आज आलेल्या कोंबडीला रोग देते, ती उद्यांच्या कोंबडीला देते, आणि अशा रीतीनें विषाणु गाळ्यांत कायमचा भाडेकरी होऊन बसतो. तेव्हां जुलै २००१ पासून महिन्यांतून एक दिवस विसाव्याचा ठरविला. त्या दिवशीं सर्व गाळ्यांवरचे उरलेले पक्षी मारावयाचे, पिंजरे धुवावयाचे, जंतुनाशक फवारावयाचें आणि गाळा कोरडा ठेवावयाचा. २००२ मध्यें लावे विकणें बंद केलें, कारण लावे अनेक जातींच्या विषाणूंना आश्रय देतात असें आढळलें होतें. २००३ मध्यें महिन्यांतून दोन दिवस विसाव्याचे झाले आणि कोंबड्यांना लस टोंचण्याची पद्धति सुरू झाली. अखेर २००८ च्या जुलैंत कायदा झाला कीं, रात्रीं गाळ्यांत एकहि जिवंत कोंबडी राहतां कामा नये. जी विकली गेली नाहीं ती संध्याकाळीं मारलीच पाहिजे. झाडू, पाणी आणि एक रिकामी रात्र! पण तपासणींत त्यांचा गुण स्पष्ट दिसला.

इतर देशांत ही गोष्ट इतकी सुरळीत झाली नाहीं. २००३ च्या अखेरीपासून हाच विषाणु व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया आणि इतर देशांतून फिरला. थायलंडांत कोंबड्या मरत होत्या आणि सरकार तो निराळा, साधा रोग असल्याचें सांगत राहिलें. निर्यातीचा धंदा मोठा होता हें त्याचें कारण उघड आहे. २३ जानेवारी २००४ रोजीं सत्य कबूल करावें लागलें तोंवर रोग पसरला होता. पुढें त्याच देशानें गांवोगांवच्या आरोग्यस्वयंसेवकांस घरोघर पाठवून प्रत्येक खुराडें पाहण्याची मोहीम काढली, हेंहि सांगितलें पाहिजे. हॉलंडांत २००३ सालीं याच कुळांतील दुसऱ्या विषाणूनें, म्हणजे एच७एन७ नें, धुमाकूळ घातला. तीन कोटींच्या आसपास पक्षी मारावे लागले. तेथें ८९ माणसांस संसर्ग झाला, बहुतेकांचे डोळे आले, आणि एक पशुवैद्य मरण पावला. कोंबडीच्या कामावर जाणाऱ्या माणसानें डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मुखवटा लावावा, हातमोजे घालावेत, हा नियम त्यानंतर सर्वत्र कडक झाला.

आतां आपल्याकडे वळूं. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर हें स्थानक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रांत आणि अर्धा गुजरातेंत पडतो. बांकावर बसलेल्या दोघां प्रवाशांपैकीं एक एका राज्यांत आणि दुसरा दुसऱ्यांत असूं शकतो. नंदुरबार जिल्ह्यांतील या तालुक्यांत अंड्यांसाठीं कोंबड्या पाळण्याचा धंदा चांगला वाढला होता. २००६ च्या आरंभीं तेथें कोंबड्या मरूं लागल्या. पाळणाऱ्यांस वाटलें, राणीखेत असावा. कुमाऊंतील राणीखेत गांवावरून नांव पडलेला हा रोग आपल्या देशांत १९२८ च्या सुमारापासून ठाऊक आहे, आणि त्याचीं लक्षणें बरीचशीं तशींच असतात. डोळ्यांनीं पाहून त्या दोहोंतला भेद करणें पशुवैद्यासहि कठीण. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेंत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजीं जाहीर झालें कीं, एच५एन१ हिंदुस्थानांत आला आहे.

तीन किलोमीटरच्या टापूंतील सर्व पक्षी मारण्याचा हुकूम निघाला. पांढरे अंगरखे, चष्मे आणि मुखवटे घातलेले लोक त्या आदिवासी तालुक्यांतून फिरूं लागले. खोल खड्डे खणून, चुना टाकून लाखों पक्षी पुरण्यांत आले. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल तालुक्यांतहि तेंच करावें लागलें, कारण विषाणूला स्थानकावरची ती रेघ दिसत नव्हती. कामावरील माणसांना विषाणुविरोधी औषधाच्या गोळ्या दिल्या, तापाचे रोगी वेगळे ठेवले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें नमुने तपासले. नवापूरच्या त्या प्रसंगांत एकाहि माणसास हा रोग झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. मार्चमध्यें जळगांव जिल्ह्यांत परसांतल्या कोंबड्यांत रोग निघाला, तोहि असाच आवरण्यांत आला. इकडे मुंबई-पुण्यास कोंबडी आणि अंडीं यांचे भाव कोसळले, आगगाड्यांतील जेवणांतून कोंबडी काढून टाकली गेली. नवापूरपासून शेंकडों कोस दूर असलेल्या, ज्यांच्या पक्ष्यांस कांहींहि झालें नव्हतें अशा शेतकऱ्यांचेंहि दिवाळें निघण्याची वेळ आली.

येथें पैशाचा प्रश्न येतो, आणि तो गौण नाहीं. २००८ च्या जानेवारींत पश्चिम बंगालांत रोग निघाला तेव्हां चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. तेथील कोंबड्या मोठ्या केंद्रांत नव्हत्या. झोपडीमागें पांच-दहा कोंबड्या, हीच त्या घरच्या बाईची ठेव, हीच मुलांच्या पुस्तकांची आणि दुखण्याखुपण्याची शिल्लक. सरकारी माणसें येत आहेत असें कळतांच लोकांनीं पक्षी लपविले. त्यांना अडाणी म्हणून मोकळें होणें शहरांत बसून सोपें आहे. भरपाईची रक्कम बाजारभावाहून कमी, ती केव्हां मिळेल याचा भरंवसा नाहीं, आणि कोंबडी तर डोळ्यांपुढें धडधाकट चरते आहे! अशा स्थितींत आपणहि तिला माळ्यावर दडविली असती. भरपाई जेथें हातोहात मिळते तेथें मेलेल्या पहिल्या कोंबडीची बातमी त्याच दिवशीं दवाखान्यांत पोंचते, आणि पहिल्या कोंबडीची बातमी मिळाली तर हजार वांचतात. आपल्या देशांत ही रक्कम केंद्र आणि राज्य यांनीं निम्मीनिम्मी सोसावयाची असा नियम आहे. ती लौकर दिली जाते कीं नाहीं यावर पुष्कळ अवलंबून असतें.

पुढचा धडा शांघाय येथें मिळाला. २०१३ च्या मार्चअखेरीस तेथें एच७एन९ या नव्या विषाणूचे रोगी जाहीर झाले. यांत चमत्कार असा कीं, कोंबडी आजारीच पडत नव्हती. आतांपर्यंत मेलेला पक्षी हीच धोक्याची घंटा होती. ती घंटाच बंद पडली आणि माणूस आजारी पडल्यावरच रोगाचा पत्ता लागूं लागला. ६ एप्रिल रोजीं शांघायच्या अधिकाऱ्यांनीं जिवंत पक्ष्यांचे बाजार बंद केले, आणि आसपासच्या शहरांनींहि तोच मार्ग धरला. मागाहून हिशेब केला तेव्हां बाजार बंद झालेल्या चार शहरांत माणसांचा संसर्ग शेंकडा ९७ हून अधिक घटल्याचें आढळलें. तरी बाजार पुन्हां उघडत, आणि हिंवाळ्यांत रोगी पुन्हां येत. असे पांच हंगाम गेले, दीड हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं आणि सहाशेंहून अधिक मेलीं. २०१७ च्या शरदांत चीनने कोंबड्यांना या विषाणूवर लस टोंचण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें माणसांतले रोगी जवळजवळ नाहींसे झाले. लस पक्ष्याला, आणि लाभ माणसाला. लसीचा एक दोषहि जाणते सांगतात: टोंचलेला पक्षी मरत नाहीं, पण कधींकधीं विषाणु गुपचूप बाळगतो. म्हणून लसीबरोबर तपासणी सोडून चालत नाहीं.

२००३ पासून आजवर एच५एन१ ची बाधा झालेलीं माणसें, जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदलीं गेलेलीं, नऊशेंहून अधिक आहेत, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं मरण पावलीं. २०२४ सालीं अमेरिकेंत हा विषाणु दुभत्या गायींत सांपडला व गोठ्यांत काम करणाऱ्या कित्येकांचे डोळे आले; म्हणजे त्यानें आणखी एक अंगण शोधलें. आपल्या देशांत २०२१ च्या जुलैंत हरियाणांतील अकरा वर्षांचा एक मुलगा दिल्लीच्या रुग्णालयांत या रोगानें दगावला. २०१९ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, मेळघाटांतील सतरा महिन्यांच्या एका मुलास पक्ष्यांच्या दुसऱ्या एका विषाणूची, एच९एन२ ची, बाधा झाल्याचें पुण्याच्या संस्थेनें शोधून काढलें. ताप, खोकला आणि धाप एवढींच लक्षणें. मूल बरें झालें. पाळत ठेवणारी माणसें तेथपर्यंत पोंचलीं नसतीं तर तें आणखी एक पडसें म्हणून विसरलें गेलें असतें.

घरांतील स्त्रियांकडून मला एक प्रश्न नेहमीं विचारला जातो, कीं कोंबडी खावी कीं न खावी. ज्यांच्या घरीं खातात त्यांनीं अवश्य खावी, पण पूर्ण शिजवून. ७० अंशांच्या उष्णतेंत हा विषाणु मरतो, आणि आपल्या रश्श्याला त्याहून पुष्कळ अधिक ऊब लागते. अर्धकच्चें अंडें टाळावें. कच्चें मांस कापलेली विळी आणि पाट यांवर लगेच कोशिंबीर चिरूं नये, हात साबणानें धुवावे, आणि बाजारांत मुलाला पिंजऱ्याशीं खेळूं देऊं नये. परसांत कोंबड्या असतील आणि त्यांतील दोन-चार एकदम मेल्या तर त्या उघड्या हातांनीं उचलूं नयेत, उकिरड्यावर टाकूं नयेत, आणि वायां जाऊं नयेत म्हणून शिजवूं तर मुळींच नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

हाँगकाँगांत आजहि जिवंत कोंबडी विकत मिळते. गाळे पूर्वींपेक्षां फार थोडे उरले आहेत, कित्येकांनीं सरकारकडून मोबदला घेऊन परवाने परत केले. गिऱ्हाईक अजूनहि पिसें फुंकून पक्षी निवडतें. संध्याकाळ झाली कीं उरलेल्या कोंबड्या मारल्या जातात, पिंजरे धुतले जातात, आणि रात्रभर गाळा रिकामा राहतो.